‘म्हज्यान जायना’ : डिचोलीतील एका धोंडाचे प्रकरण

डिचोली तालुक्यातील एका टिपरमालकाचे हे प्रकरण आहे. एप्रिल २०१८ मध्ये शिरगावच्या श्री देवी लईराईच्या जत्रेसाठी धरलेल्या व्रताच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना आयुष्यातली पहिली फिट आली, आणि भोवतीच्या प्रत्येकाने तिचा आपापला अर्थ लावला. आईने देवीचा कोप मानला, पत्नीने इतक्या वर्षांच्या दारूचे फळ मानले, सोबतच्या धोंडांनी, म्हणजे व्रतस्थ भक्तांनी, सोवळ्यात कुठेतरी विटाळ झाल्याचे ठरवले. ते स्वतः शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारले ते ‘माझा बेत कुठे आहे’ एवढेच; बेत म्हणजे व्रताची वेताची काठी. व्यसनमुक्तीच्या कामातला समुपदेशक म्हणून माझा त्या घराशी संबंध त्यानंतर चार दिवसांनी आला आणि तो पुढे चार वर्षे टिकला. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. वाड्यावर सगळे त्यांना भाई म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला मी पहिल्यापासून वहिनी म्हणत आलो, तीच संबोधने इथे ठेवली आहेत.

या कामात देवाचे नाव रोज निघते. माणूस दारूपुढे हतबल झाला की तो देवाकडे वळतो, घरचे नवस बोलतात, आणि आम्ही समुपदेशक मंडळी बहुधा या सगळ्याकडे सौम्य दुर्लक्ष करून आपल्या प्रश्नावल्या पुढे करतो. मीही तेच करीत असे. भाईंच्या प्रकरणाने मला हे दुर्लक्ष सोडायला लावले, कारण त्यांची श्रद्धा आधी त्यांच्या आजाराला आडोसा देत होती आणि पुढे तीच श्रद्धा त्यातून बाहेर पडण्याची वाट झाली. देवी तीच, माणूस तोच. मधल्या काळात काय बदलले, एवढ्याच प्रश्नापुरते हे टिपण आहे.

पाच दिवसांचा पुरावा

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. शिरगावची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. देवीचे व्रतस्थ भक्त म्हणजे धोंड. जत्रेआधी निदान पाच दिवस ते मांस-मासळी आणि मद्य वर्ज्य करतात, सोवळ्याने राहतात, गावोगावी एकत्र जमून आपले अन्न आपण रांधतात, आणि जत्रेच्या रात्री रंगीत लोकरीच्या गोंड्यांनी सजवलेली वेताची काठी, म्हणजे बेत, हातात धरून होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. लोककथा अशी की लईराई ही सात बहिणींपैकी एक. विस्तव आणायला पाठवलेला भाऊ खेतोबा खेळात रमून उशिरा आला म्हणून रागाच्या भरात तिने त्याला लाथ मारली, आणि त्या कृत्याचा पश्चात्ताप म्हणून ती स्वतः अग्नीतून चालली. ही कथा डिचोलीत लहान मुलालाही ठाऊक असते. भाईंनी ती शेकडो वेळा ऐकली होती, पण ती एका अनावर झालेल्या क्षणाची आणि त्यानंतरच्या पश्चात्तापाची कथा आहे हे त्यांच्या ध्यानात पुष्कळ उशिरा आले, आणि माझ्या तर त्यांनी सांगितल्यावर आले.

भाई एकोणिसाव्या वर्षी आजीच्या नवसाने धोंड झाले आणि २०१८ पर्यंत त्यांचे एकही वर्ष चुकले नव्हते. खनिज वाहतुकीचा धंदा तेजीत असताना, २००९ मध्ये, त्यांनी कर्ज काढून दुसरा टिपर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि दोन्ही गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. वहिनींच्या पाटल्या गेल्या, मग माहेरची साखळी गेली. शनिवारी मित्रांबरोबर घेतली जाणारी दारू रोजची झाली, मग दुपारची, मग सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून चहाआधीची. २०१५ मध्ये खाणकाम अंशतः पुन्हा सुरू झाले तेव्हा दारू कमी होईल असे घरच्यांना वाटले होते; ती झाली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. तोवर भाईंचे प्रमाण दिवसाला तीन क्वार्टरपर्यंत पोचले होते, आणि मार्च ते मे हा तर हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा हंगाम, त्यामुळे त्या दिवसांत मोजदाद उरतच नसे.

तरीही आपल्याला व्यसन आहे हे भाई मान्य करीत नसत, आणि त्यांच्याकडे पुरावा होता. दर वर्षी वैशाखात ते पाच दिवस दारूला शिवत नसत. ‘व्यसन असते तर पाच दिवस सुटली असती का? देवी शक्ती देते,’ हे त्यांचे म्हणणे आईला पटत असे, धोंडांना पटत असे, आणि वहिनींनाही पटावेसे वाटत असे. वहिनी मला म्हणाल्या, ‘मी वर्षभर त्या पाच दिवसांची वाट पाहायचे. पाच दिवस माझा नवरा घरात नसायचा, सोवळ्यात असायचा, पण शुद्धीत आहे एवढे ठाऊक असायचे.’ सहाव्या दिवशी, शिरगावहून परतताना, तिठ्यावरच्या बारसमोर सोबत्यांची रिक्षा थांबत असे.

त्या पाच दिवसांत नेमके काय होत असे, हे मी पुढे त्यांच्याकडूनच तुकड्या-तुकड्याने काढून घेतले. पहिल्या रात्री घाम, उलटीची भावना, झोप नाही. दुसऱ्या दिवशी हातांना कंप. बेत हातात धरला की वरचे गोंडे आपोआप थरथरत, आणि पाहणाऱ्यांना ते देवीचा भार येण्याचे लक्षण वाटे. भाईंनाही तसेच वाटे. दारू एकाएकी तुटल्यावर शरीर जी लक्षणे दाखवते त्यांना या घराने वर्षानुवर्षे प्रसाद समजून हात जोडले होते. हे लिहिताना मला हसू येत नाही, कारण त्या थरथरीला त्यांच्यापाशी दुसरे नावच नव्हते.

त्या पहाटे

सोबतच्या एका धोंडाने सांगितले ते असे. साडेचारच्या सुमाराला सगळे आंघोळीला उठले. भाईंनी विहिरीवर पहिली कळशी अंगावर घेतली, दुसरी उचलली, ती अर्ध्यावर थांबली आणि मग कळशीसह ते कुशीवर पडले. हातपाय आखडले, दातखीळ बसली, तोंडातून फेस आला. कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. कोणी म्हणाले चप्पल हुंगवा, त्यावर दुसरा म्हणाला सोवळ्यात चामडे कसे आणणार, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या उशाशी मिनिटभर हा वाद चालला. शेवटी जो सर्वांत धाकटा धोंड होता त्याने कोणालाही न विचारता मोटार काढली. बेत विहिरीच्या कट्ट्याला टेकवलेला होता तो तिथेच राहिला.

वैद्यकीय दृष्टीने यात गूढ काही नाही. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की पहिल्या दिवसातच कंप आणि घाम सुरू होतो, साधारण ६ ते ४८ तासांच्या टप्प्यात फिट येऊ शकते, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत काही जणांना भ्रम, भास आणि तापासह येणारी ती अवस्था गाठते जिच्यात जीवही जातो. दारू तुटण्याचे असे प्रसंग वारंवार आले तर पुढच्या खेपेची लक्षणे अधिक तीव्र होत जातात, असेही डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्या पाच दिवसांना भाई आपल्या सुटकेचा पुरावा मानत होते, ते त्यांच्या मेंदूला दर वर्षी एकेक धक्का देत होते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून त्यांना बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. तिथे फिट थांबवणारे इंजेक्शन, थायमिन आणि हळूहळू कमी करत नेण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची जी चाचणी आम्ही वापरतो, तिच्यात ४० पैकी २० च्या पुढे गेलेल्या माणसाच्या बाबतीत अवलंबित्वाची दाट शंका घेतात. भाईंचे गुण ३१ आले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने साध्या समुपदेशनाचा उपयोग दाखवून दिला आहे खरा, पण तो हानिकारक प्रमाणात पिणाऱ्यांसाठी होता, भाई त्या रेषेच्या फार पुढे गेले होते आणि नुसत्या गप्पांनी भागणार नव्हते.

आई मात्र गोळ्यांना तयार नव्हती. देवी रागावली असताना औषध घेणे म्हणजे आगीत तेल, अशी तिची समजूत. तिने ग्रामदेवतेकडे कौल लावायचे ठरवले आणि मला सोबत यायला सांगितले. भटजींनी ओल्या मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले: देवीचा कोप नसेल तर उजवी दे. गाभाऱ्यात समईखेरीज उजेड नव्हता. दहा मिनिटे गेली, वीस गेली. आई खांबाला टेकून पापणी न हलवता पाहत होती. मग उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि मूर्तीवरून घरंगळत खाली आली. पाकळी का पडली याबद्दल मला मत आहे, पण ते इथे महत्त्वाचे नाही. त्या संध्याकाळी आईने गोळ्यांची पिशवी देवघराशेजारच्या फळीवर स्वतः ठेवली, आणि पुढे भाई घरी आल्यावर वेळ चुकली की तीच आठवण करून देऊ लागली. कौल डावा पडला असता तर मी काय केले असते, हा प्रश्न मात्र मला अजून टोचतो.

शपथ आणि शरणागती

या प्रकरणाचा गाभा वॉर्डातल्या एका दुपारी आहे. भाईंचा कंप थांबला होता, जेवण जात होते, आणि अशा वेळी बहुतेक रुग्णांना येतो तसा त्यांना उत्साह आला होता. त्यांना शपथ घ्यायची होती, आणि तीही साधी नव्हे. थोरल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, लईराईचा अंगारा कपाळाला लावून, आजन्म. मी साक्षीदार व्हावे अशी त्यांची इच्छा होती. गोव्यात शपथेला फार मोठा मान आहे. म्हार्दोळच्या महालसेच्या घंटेखाली कोणी खोटे बोलत नाही आणि पोर्तुगीज अमदानीत तिथली साक्ष ग्राह्य धरली जाई, असे आजही सांगतात. त्यामुळे भाईंचा प्रस्ताव नाकारणे सोपे नव्हते.

वहिनी स्टुलावर बसून मोसंबे सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, ‘अकरा वेळा घेतलीय.’

मी भाईंना फक्त एवढेच विचारले की त्या अकरा शपथा किती किती दिवस टिकल्या ते आठवून सांगा. ते बोटांवर मोजू लागले. एक वीस दिवस. एक चतुर्थीपर्यंत. एक त्याच संध्याकाळपर्यंत, कारण ती सकाळी घेतली होती. सहाव्या-सातव्या बोटाशी ते थांबले. बराच वेळ ते पलंगाच्या लोखंडी दांड्याकडे पाहत राहिले, आणि मग आमच्याशी मराठीत बोलणारा तो माणूस स्वतःशी बोलावे तसा कोकणीत म्हणाला, ‘म्हज्यान जायना.’ माझ्याने होत नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात जोडले आणि तेच पुन्हा म्हटले, ते आम्हाला उद्देशून नव्हते.

मी त्या दिवशीच्या नोंदीत दोन वाक्ये शेजारी-शेजारी लिहिली होती. ‘मी दारू सोडीन.’ ‘माझ्याने दारू सुटत नाही.’ पहिल्या वाक्यात कर्ता ‘मी’ आहे. देवाला तिथे काम नाही, तो फार तर जामीन म्हणून उभा आहे, आणि वाक्य मोडले की जामीनदारालाच तोंड चुकवावे लागते. भाईंचे तसेच होत असे. शपथ मोडली की ते महिनोन्‌महिने देवघरात पाऊल टाकत नसत, आणि ती शरम बुडवायला पुन्हा दारूच लागे. दुसऱ्या वाक्यात ‘मी’ तृतीयेत जाऊन बसतो आणि कर्त्याची जागा रिकामी होते. आपल्या भाषेने हा प्रयोग शाळेच्या व्याकरणात ठेवला आहे आणि आपण तो गुणांपुरता पाठ करतो. भाईंनी तो वापरला. इतकी वर्षे ते देवीचे नाव घेऊन स्वतःच्याच निग्रहावर भिस्त ठेवत होते, आणि तो निग्रह पाच दिवसांचा होता.

इथे एक सावधगिरीचा शब्द घालतो. ‘माझ्याने होत नाही’ हे वाक्य दारू प्यायलाही वापरता येते, आणि असंख्य लोक ते त्याच कामी वापरतात. भाईंच्या बाबतीत त्या वाक्यानंतर जे घडले त्यामुळे मी त्याला शरणागती म्हणतो. त्यांनी मला विचारले, ‘मग आता कोणाला विचारायचे?’

एक दिवस

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यपींच्या भेटीतून निघाली, आणि १९५७ पासून ती भारतात आहे. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल झालो आहोत ही कबुली. दुसरी, आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकेल हा विश्वास. तिसरी, आपल्याला उमगलेल्या देवाच्या हाती स्वतःला सोपवण्याचा निर्णय. भाईंनी पहिली पायरी वॉर्डातच नकळत ओलांडली होती. ज्या सभेला मी त्यांना नेले ती एका चर्चच्या आवारातल्या खोलीत भरत असे. प्लास्टिकच्या बारा-तेरा खुर्च्या, थर्मासमधला काळा चहा, कोकणी आणि मोडकी इंग्रजी. भाई दारातच घुटमळले. त्यांच्या कपाळाला अंगारा होता.

तिथे त्यांना जे स्पॉन्सर, म्हणजे दारू सोडलेले जुने सोबती-मार्गदर्शक, मिळाले ते बार्देशचे, वयाने सत्तरीकडे झुकलेले, मोटार दुरुस्तीचा धंदा मुलाला सोपवलेले ख्रिस्ती गृहस्थ. भाई त्यांना पहिल्या दिवसापासून ‘इर्मांव’, म्हणजे भाऊ, म्हणू लागले. त्यांनी भाईंचा अंगारा पाहून विचारले, ‘शिरगाव?’ आणि लगेच म्हणाले, ‘मग तू माझ्या मावशीचा.’ लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारिया माता, या बहिणी, ही समजूत दोन्ही समाजांत आहे आणि दोन्ही ठिकाणचे भाविक एकमेकींचा मान ठेवतात. भाई खुर्चीवर बसले.

पाच दिवसांच्या व्रताची हकिकत ऐकून इर्मांव म्हणाले, ‘तू पाच दिवस करतोस. मला एकच दे. उद्याचे उद्या बोलू.’ त्यानंतर रोज रात्री नऊला फोन. बोलणे दोन मिनिटांचेही नसे. सकाळी उठल्यावर भाई देवीसमोर उभे राहून आजच्या दिवसापुरते मागत, आणि रात्री फोन झाला की दिवस देवीला परत देत. ‘परत देतो’ हा त्यांचाच शब्द आहे. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या घेतल्या. तिठ्यावरच्या बारसमोरून जाऊ नये म्हणून ते दीड किलोमीटरचा वळसा घालून घरी येत.

वाड्यावरच्या भजनी मंडळात एकदा गजेंद्राची कथा निघाली: मगरीने पाय धरलेला हत्ती वर्षानुवर्षे स्वबळावर झुंजतो, थकतो, आणि बळ संपल्यावर हाक मारतो तेव्हा नारायण धावून येतो. बुवांनी रंगवून सांगितली. परत येताना भाई मला म्हणाले, ‘कथेत एक गोष्ट सांगत नाहीत. हत्ती दुसऱ्या दिवशी त्याच तळ्यावर गेला की नाही?’

माझी चूक

पुढचे सोळा महिने सुरळीत गेले आणि त्यात मी बिघाड केला. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही एका सभागृहात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला आणि भाईंना व्यासपीठावर बसवले. शाल, श्रीफळ, टाळ्या. प्रास्ताविकात मी म्हणालो की भाई आता पूर्ण बरे झाले आहेत, देवीच्या कृपेने त्यांनी दारूवर विजय मिळवला आहे. इर्मांव मागच्या रांगेत होते. नंतर त्यांनी मला एवढेच विचारले की हे तू कुणासाठी बोललास.

पंधरवड्याच्या आत चतुर्थी आली. विसर्जनाच्या रात्री, घुमटआरत्या आटोपल्यावर, एका नातेवाइकाच्या ओसरीवर भाईंनी एक पेग घेतला. त्यांचा युक्तिवाद त्यांनी मला पुढे प्रामाणिकपणे सांगितला: देवीने बरे केले आहे, सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केले आहे, मग बऱ्या झालेल्या माणसाला एक पेग काय करणार. पिणे अकरा दिवस चालले. नऊचे फोन त्यांनी उचलले नाहीत. माझे तर नाहीच नाही.

बाराव्या दिवशी मात्र त्यांनी जे केले ते पूर्वी कधी केले नव्हते. शपथ घेतली नाही, व्रत धरले नाही, दारू एका झटक्यात टाकून अंगणात पडून राहिले नाहीत. इर्मांवना फोन करून म्हणाले, ‘म्हज्यान जायना,’ आणि दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले. या वेळी औषधाच्या आधाराने दारू उतरवली, फिट आली नाही.

त्या आठवड्यात इर्मांवांनी त्यांना संत पावलाची गोष्ट सांगितली. मी शेजारी बसून ऐकली. पावलाच्या देहात एक काटा होता. कसला ते तो सांगत नाही. तो काढून घे म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो काढला गेला नाही. उत्तर आले ते असे की माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णत्वाला येते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात हे आहे. भाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे काटा राहतोच?’ इर्मांव म्हणाले, ‘माझा एकतीस वर्षे आहे.’

व्यासपीठावरून मी काटा निघाल्याची घोषणा केली होती. निघाला असे मानले की मग कोणाच्या आधाराची गरजच उरत नाही, आणि भाईंनी तर्काने तेच केले. तेव्हापासून आमच्या कार्यक्रमांत मी कोणाचा सत्कार करू देत नाही. सहकाऱ्यांना हे रुक्ष वाटते.

यावर एका सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप नोंदवायला हवा. त्यांचे म्हणणे, भाईंना सावरले ते गोळ्यांनी, नऊच्या फोनने आणि बारपासून लांब राहण्याने. देवीचे नाव त्याला नंतर चिकटवले. मी हा आक्षेप भाईंपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘वॉर्डात गोळ्या सगळ्यांनाच दिल्या होत्या. माझ्या बाजूच्या खाटेवरचा सुटला त्या दिवशीच बारमध्ये गेला. त्याला फोन नंबरही दिला होता. नंबर लावायची बुद्धी कोण देते ते तुमच्या त्या मित्राला विचारा.’ मला याचे उत्तर देता आले नाही, सहकाऱ्यालाही नाही, आणि मी ते मिळवण्याच्या फार मागे लागलो नाही.

वहिनी

अशा टिपणांत पत्नीचा उल्लेख सहसा ‘कुटुंबाचा पाठिंबा’ या दोन शब्दांत उरकला जातो. वहिनींचे तसे करता येणार नाही. भाईंची देवीवरची भिस्त खरी होत गेली त्याच काळात वहिनींनी उपास सोडले. सोळा सोमवार, संकष्टी, सगळे. घरात दिवा सासू लावत असे. कारण विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, ‘मी सहा वर्षे मागत होते. तेव्हा कोणी ऐकले नाही. यांनी एका दुपारी हात जोडले आणि ऐकले गेले. मग माझी सहा वर्षे कुठल्या खात्यात गेली?’ आणि थोड्या वेळाने, ‘यांची शक्ती संपली तेव्हा देवी आली म्हणता. माझी तर संपूनही मीच उठून भाकऱ्या केल्या.’

माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते आणि सुदैवाने मी काही सांगितले नाही. स्वयंसाहाय्य गटातर्फे त्या पापड-लोणच्यांचे काम करीत होत्या. २०२० च्या टाळेबंदीत घर त्याच कामावर चालले. भाईंनी एक टिपर विकला, दुसरा भंगारात गेला, आणि ते सुट्या भागांच्या दुकानात कामाला लागले. टाळेबंदीत सभा बंद होत्या, नऊचा फोन चालू होता. कोविडच्या साथीत जत्रा नेहमीसारखी भरू शकली नाही, तेव्हा बेत माळ्यावरच राहिला.

मे २०२२ मध्ये भाईंनी पुन्हा व्रत धरले, डॉक्टरांना विचारून. पहिल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. धोंडांच्या मांडवात डाळ शिजत होती, आणि ते भोपळा चिरत बसले होते. सुरी धरलेला हात स्थिर होता. एकजण थट्टेने म्हणाला की भाईंना आता भार येईनासा झाला. भाई हसले आणि मला हळूच म्हणाले, ‘यंदा मला सोडायला काही नाही. देवीला काय सांगू?’ मग स्वतःच म्हणाले, ‘तेच सांगतो, नेहमीचे.’

जत्रेच्या दुसऱ्या सकाळी ते घरी आले तेव्हा मी ओसरीवर होतो. पावलांना राख, गळ्यात कोमेजलेल्या मोगऱ्याच्या कळ्या. तिठ्याचा वळसा घेऊन आल्यामुळे उशीर झाला होता. बेत त्यांनी दाराच्या कोपऱ्यात उभा केला. वहिनी चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या, पण पेला लगेच दिला नाही. जवळ जाऊन, बोलण्याच्या निमित्ताने वाकून, त्यांनी श्वासाचा वास घेतला. भाई पेला मिळेपर्यंत तोंड किंचित उघडे ठेवून स्वस्थ उभे राहिले.